गग्ग भिक्खू आणि आपल्या वस्तीतला ‘वेडा’

कुसगावचे नाव अलीकडे बातम्यांत येते ते मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाच्या ‘मिसिंग लिंक’मुळे. खोपोलीकडून येणारा नवा रस्ता घाट टाळून कुसगावापाशी बाहेर निघतो. आंबेडकरी माणसाला या भागाची ओळख त्याच्या कितीतरी आधीची आहे. इथून माळवलीकडे गेले की एका अंगाला भाजे, समोरच्या डोंगरात कार्ले, पलीकडे पवन मावळात बेडसे. रविवारी या वाटेने आपल्या तरुणांचे जथे लेणी बघायला जातात. धम्मलिपी शिकलेली पोरे खांबांवरची अक्षरे वाचून दाखवतात. नहपानाचा जावई उसवदात याने करजिक गाव वलूरकाच्या लेण्यांत वर्षावास करणाऱ्या, चारही दिशांकडून येणाऱ्या संघाला दान दिले, हे सांगताना त्यांचा आवाज चढतो. चढायलाच हवा.

पण दान कोणी दिले याच्या पुढे आपण फारसे जात नाही. आत राहणारी माणसे रोजची कशी राहत होती? भांडण झाले तर काय करत? आणि त्यांच्यातल्या एखाद्याचे डोके फिरले, तर त्याचे काय करत?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर विनयपिटकात आहे. ते इतके स्पष्ट आहे की ते वाचल्यावर गेल्या दीडशे वर्षांचा मनोरुग्णांविषयीचा आपला कायदा आम्हाला उलटा चालत आल्यासारखा वाटू लागला.

महावग्गात गग्ग नावाच्या भिक्खूची हकिकत येते. गग्गाला वेड लागले होते. उपोसथाचा दिवस त्याला कधी आठवे, कधी आठवत नसे. संघाच्या बैठकीला तो कधी येई, कधी येत नसे. इथे अडचण अशी की सीमेतले सगळे भिक्खू हजर असल्याशिवाय संघाचे काम वैध होत नाही. मग करायचे काय? गग्गाला सीमेबाहेर हाकलायचे? कोठडीत बांधून ठेवायचे? बुद्धांनी दोन्ही सांगितले नाही. संघाने एकत्र बसून ठराव करावा असे सांगितले: गग्गाला आठवो वा न आठवो, तो येवो वा न येवो, संघाचे काम अडणार नाही. या ठरावाला ‘उम्मत्तक-सम्मुती’ म्हणतात. यात गग्गाचे भिक्खुपद जात नाही, चीवर जात नाही, पात्र जात नाही. त्याच्यावरचे हजेरीचे ओझे तेवढे उतरवले जाते. शिवाय प्रातिमोक्षाच्या नियमांखाली पुन्हा पुन्हा येणारी एक ओळ आहेच, की वेडाच्या भरात घडले तर तो दोष धरू नये.

खरी गोष्ट पुढची आहे, आणि ती चुल्लवग्गात आहे. गग्ग बरा झाला. वेडात असताना त्याने भिक्खूला न शोभणारे बरेच काही केले होते, बोलला होता. आता इतर भिक्खू त्याला गाठून विचारू लागले, अमुक केलेस ते आठवते का, तमुक बोललास ते आठवते का? गग्ग म्हणे, तेव्हा मी वेडा होतो, मला आठवत नाही, त्या अवस्थेत ते माझ्याकडून घडले. तरी त्यांचे टोचणे थांबेना. गोष्ट बुद्धांपर्यंत गेली. त्यांनी टोचणाऱ्यांना दोष दिला आणि एक रीत घालून दिली. बरा झालेल्या भिक्खूने संघापुढे यावे, तीनदा विनंती करावी, संघाने रीतसर ठराव मांडून तीनदा घोषणा करावी, आणि त्याला ‘अमूळ्हविनय’ द्यावा. म्हणजे हा माणूस आता मूढ नाही आणि आजारपणातल्या वागण्यावरून त्याला कोणी छेडायचे नाही, असा संघाचा निवाडा. ढोंग करणाऱ्याला तो देऊ नये, हेही तिथेच सांगितले आहे. व्यवहार कळणाऱ्या माणसाने केलेला नियम आहे हा.

संघातले वाद मिटवण्याच्या सात पद्धती सांगितल्या आहेत, त्यांतली ही एक. त्या सात पद्धती सर्व निकायांच्या विनयात आहेत. कार्ल्याच्या एका शिलालेखात महासांघिकांचे नाव आहे. तेव्हा या डोंगरात पावसाळा काढणाऱ्या भिक्खूंना गग्गाचा नियम ठाऊक होता, असे म्हणायला आम्हाला संकोच वाटत नाही.

आजच्या भाषेत सांगायचे तर आजारपणासाठी एक ठराव आणि परतण्यासाठी दुसरा. दुसरा ठराव पहिल्यापेक्षा मोठा आहे, कारण तो रोग्यासाठी नसून भोवतालच्या लोकांसाठी आहे. गग्ग बरा झालेलाच होता, पण संघ त्याला बरा मानायला तयार नव्हता. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये धम्म ही सामाजिक गोष्ट आहे, एकट्या माणसाला धम्माची गरज नाही, असे मांडले आहे. ते या हकिकतीत अगदी उघड दिसते.

पटाचारेची कथा आपल्या विहारांत जास्त सांगितली जाते. श्रावस्तीच्या श्रेष्ठीची मुलगी. घरच्या नोकराबरोबर पळून जाऊन संसार केला. एका रात्रीत आणि एका दिवसात नवरा, दोन मुले, आईबाप, भाऊ सगळे गेले. ती भान हरपून वस्त्राविना फिरू लागली, लोक तिला माती-दगड मारून हाकलत. जेतवनातही जमावाने तिला अडवले. बुद्धांनी येऊ द्यायला सांगितले, भानावर ये म्हणाले, आणि कोणा एकाने अंगावरचे वस्त्र तिच्याकडे टाकले. पुढे हीच पटाचारा विनय जाणणाऱ्या भिक्खुणींमध्ये अग्रगण्य ठरली. कथा सांगणारे बहुतेक जण बुद्धांच्या शब्दापाशी थांबतात. आम्हाला ते वस्त्र टाकणारा महत्त्वाचा वाटतो. त्याचे नाव कोणी सांगत नाही.

इथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण या कथेवरून भलतेच निष्कर्ष काढले जातात. ध्यानाने स्किझोफ्रेनिया बरा होत नाही. तीव्र मानसिक आजार असलेल्यांनी दहा दिवसांच्या शिबिराला येऊ नये, असे विपश्यना केंद्रेच सांगतात. गोळ्या बंद करून कोणाला शिबिराला पाठवणारा कार्यकर्ता धम्मप्रचार करत नाही, त्या माणसाच्या जिवाशी खेळतो.

आता दोन हजार वर्षे ओलांडून इंग्रजी अमलात येऊ. १८५७चा उठाव मोडल्यावर १८५८ साली सरकारने वेडाविषयी एकापाठोपाठ तीन कायदे केले: त्या वर्षीचे ३४वा, ३५वा आणि ३६वा. पहिले दोन प्रामुख्याने वेड लागलेल्याच्या मालमत्तेची व्यवस्था कोणी बघायची याविषयी होते, एक मोठ्या शहरांतल्या सुप्रीम कोर्टांच्या हद्दीसाठी, दुसरा जिल्ह्यांसाठी. तिसरा वेड्यांच्या इस्पितळांचा. ही मांडणीच बोलकी आहे. ज्याच्याकडे जमीन-वाडा आहे त्याच्यासाठी न्यायालय आणि व्यवस्थापक, ज्याच्याकडे काही नाही आणि जो रस्त्यावर भटकतो त्याच्यासाठी पोलीस आणि भिंत. या दोन रांगांत कोणत्या जाती कुठे उभ्या असतील, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

१९१२चा भारतीय वेडेपणा कायदा याच वाटेने गेला. त्याच्या १३व्या कलमाने भटकणाऱ्या, वेडा वाटणाऱ्या माणसाला पकडण्याचा अधिकार पोलिसाला दिला. लक्षात घ्या, याच सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा करून फिरस्त्या जमातींना जन्मानेच पोलिसांच्या वहीत घातले होते. स्थिर घर नसणे हाच संशय. महाराष्ट्रात नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा ही चारही मोठी मनोरुग्णालये याच काळात उभी राहिली. येरवड्याचे १९१५चे. पुढे ते २,५४० खाटांपर्यंत वाढले. आमच्या मावळात कोणाचे डोके फिरले की ‘याला येरवड्याला टाका’ हे वाक्य आजही सहज येते. ‘टाका’ हे क्रियापद त्या कायद्याचेच आहे. आत घालायची रीत कायद्यात तपशिलाने होती. बाहेर आणून माणसांत बसवायची रीत नव्हती. सुटीचा कागद होता, पण सुटी म्हणजे परतणे नव्हे.

१९५२ साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरात आले आणि चित्र बदलले. ज्यांचे आयुष्य भिंतीआड जाणार हे गृहीत होते, त्यांतले बरेच जण औषधावर घरी राहू शकतात हे दिसले. त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णाजवळ राहायला बोलावले. साधी युक्ती, पण घरच्यांना आजार डोळ्यांनी समजला आणि रुग्ण परत नेण्याचे धैर्य आले. सरकारी कायदा मात्र १९१२चाच राहिला. १९८७ साली नवा झाला, तो प्रत्यक्ष लागू व्हायला १९९३ उजाडले. त्याच वर्षी पत्रकार शीला बर्से यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कोणताही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदा आणि घटनाबाह्य आहे. हे सांगायला प्रजासत्ताकाची ४३ वर्षे जावी लागली. ऑगस्ट २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या आश्रमात आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २५हून अधिक रुग्ण जागचे हलू न शकल्याने जळून मेले.

साखळी आपल्याकडेही होती आणि आहे. महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर आला. त्याच्या अनुसूचीत पहिलेच कलम भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने-साखळीने बांधणे, चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे याविषयी आहे. कायद्यात हे इतक्या बारकाईने लिहावे लागले, कारण गावोगावी तेच चालते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतून देवऋषी संपला असे कोणी समजू नये. आम्ही ज्या घरांत जातो तिथे आजाराचे पहिले वर्ष बहुतेक वेळा ‘बाहेरचे’ बघण्यातच जाते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असतो आणि उशाखाली लिंबू असते. याला आम्ही ढोंग म्हणणार नाही. सरकारी मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून एखादा दिवस तालुक्याला भेटला तर भेटला, देवऋषी मात्र रोज असतो. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तीव्र मानसिक आजार असलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक उपचाराबाहेर आढळले होते.

आपल्या देशाविषयी एक गोड समजूत आहे, तिच्याकडेही बघायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेने १९६०च्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा मोठा अभ्यास सुरू केला. भारतातले केंद्र आग्रा होते. श्रीमंत देशांपेक्षा भारत आणि नायजेरियासारख्या देशांतले रुग्ण जास्त चांगले सावरतात, असे त्यातून दिसले. तेव्हापासून ‘आपली कुटुंबव्यवस्थाच औषध आहे’ असे व्याख्यानांतून ऐकवले जाते. पुढे २००८ साली विक्रम पटेल आदी संशोधकांनी या समजुतीवर प्रश्न उभे केले. आम्ही समाजशास्त्राचे विद्यार्थी म्हणून एवढेच विचारू, की कुटुंब म्हणजे कोणाचे? आजारी मुलाला आई सांभाळते. आजारी सुनेला माहेरी सोडतात आणि ती भावांनाही नको होते. रोजंदारीवर जाणाऱ्या घरात रुग्णाजवळ बसायचे तर एका माणसाची मजुरी बुडते. शेतात, गोठ्यात, नात्यातल्या दुकानात हलके काम देऊन माणूस हळूहळू रुळवता येतो, हे खरे आहे. पण त्यासाठी शेत, गोठा आणि दुकान असावे लागते. ज्या समाजाला जमिनीपासून दूर ठेवले, त्याचा रुग्ण रुळणार कुठे?

पुण्यात कुटुंबीयांनीच उभारलेले काम आहे. कॅनडात कॅल्गरीला प्राध्यापक असलेले जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजाराच्या अनुभवातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. या आजारावरचा ‘देवराई’ हा मराठी चित्रपट निघण्यामागेही त्यांचे बळ होते. स्वमदत गट, काळजीवाहकांचे गट ही कल्पना मराठीत रुजली ती अशा कामांतून. त्याचे मोल मोठेच आहे. पण ही भाषा अजून शहरी मध्यमवर्गाची आहे. ती आपल्या वस्तीत आपणच आणली पाहिजे.

घाट उतरला की कर्जतला श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे. मनोविकारतज्ज्ञ भरत आणि स्मिता वाटवाणी यांनी १९८८ साली श्रद्धा फाउंडेशनचे काम मुंबईत सुरू केले. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला उचलायचे, उपचार द्यायचे, तो भानावर येऊन गावाचे नाव सांगू लागला की त्याला घरी पोचवायचे. २०१८ साली डॉ. वाटवाणींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तोवर अशा हजारो जणांची घरवापसी झाली होती. (‘घरवापसी’ हा शब्द इतरांनी नासवला, म्हणून आम्ही तो सोडणार नाही.) या कामात आम्हाला सर्वांत शिकण्यासारखी वाटते ती शेवटची पायरी, म्हणजे माणसाला दारापर्यंत नेऊन सोडणे. लोणावळ्याच्या फलाटावर, जुन्या महामार्गाच्या कडेला अशी माणसे आपण रोज बघतो. ती कुठून तरी गाडीत बसलेली असतात आणि कुठे तरी त्यांची वाट बघणे कधीच थांबलेले असते.

२०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा या बाबतीत आधीच्या सगळ्यांहून वेगळा आहे, आणि आपल्या कार्यकर्त्यांनी तो ॲट्रॉसिटी कायद्याइतकाच पाठ करावा. कलम १९ सांगते की घर नाही किंवा घरचे स्वीकारत नाहीत, एवढ्या कारणाने कोणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. समाजात राहण्याचा त्याला हक्क आहे. कलम १००प्रमाणे भटकणाऱ्या रुग्णाला पोलिसाने संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यायचे आहे, लॉकअपमध्ये टाकायचे नाही. कलम ३ तर आमच्या विशेष आवडीचे आहे. माणसाच्या सामाजिक दर्जावरून, किंवा तो समाजातल्या प्रचलित नैतिक, धार्मिक, राजकीय मूल्यांना जुमानत नाही यावरून, त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. जातीच्या छळाविरुद्ध बोलणाऱ्याला ‘याचे डोके ठिकाणावर नाही’ म्हणणाऱ्या व्यवस्थेला हे कलम दाखवावे. रोहित वेमुलाच्या मृत्यूनंतर त्याच्या मनःस्थितीची किती चर्चा झाली आणि विद्यापीठाच्या बहिष्काराची किती, हे आपण पाहिले आहे. याची दुसरी बाजूही आहे, ती आपल्यातच आहे. सगळे दुःख जातीचे आहे असे म्हणत आपण कधी कधी खरा आजार नाकारतो आणि पोराचे डॉक्टरकडे जाणे लांबते. जात हे कारण असू शकते, गोळीचा पर्याय असू शकत नाही.

कायदा चांगला म्हणून राज्य सुधारले असे नाही. बरे झालेले पण घरी न जाऊ शकणारे लोक मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षे पडून आहेत, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली पुनर्वसनगृहे उभारण्यास सांगितले. त्याच प्रकरणात जुलै २०२१ मध्ये न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला बजावावे लागले, की मनोरुग्णालयातल्या माणसांना भिक्षेकरी गृहात हलवणे थांबवा. भिक्षेकरी गृह म्हणजे १९५९च्या भीक प्रतिबंधक कायद्याची कोठडी. आजारी नाही तर भिकारी! १८५८ची तिसऱ्या कायद्याची रांग अशी आजवर चालत आली आहे.

सरकारला इतके बोलल्यावर वस्तीकडे वळणे भाग आहे. मावळातल्या एका वस्तीत, नाव सांगत नाही, एका तिशीतल्या भावाला काही वर्षांपूर्वी आजार झाला. त्या भरात त्याने विहाराच्या खिडकीवर दगड मारले, जयंतीचा फलक फाडला, दोन वडीलधाऱ्यांना शिव्या दिल्या. नंतर उपचार झाले. गेली दोन वर्षे तो गोळ्या नियमित घेतो आणि लोणावळ्यात एका बंगल्यावर माळीकाम करतो. जयंतीची वर्गणी पहिल्यांदा तोच देतो. पण समितीत नाव घालायची वेळ आली की कोणीतरी खिडकीची आठवण काढते. काच केव्हाच बदलली आहे. पोरे गमतीने विचारतात, “दादा, आज गोळी घेतली का?” एका बैठकीत तो आमच्यादेखत म्हणाला, “मी तेव्हा आजारी होतो. मला त्यातले काही आठवत नाही. किती वर्षे सांगत राहू?”

त्याने चुल्लवग्ग वाचलेला नाही.

आम्ही त्या बैठकीत गग्गाची हकिकत सांगितली. एक काका रागावले, म्हणाले, बुद्धकाळाचे इथे आणू नका, उद्या काही झाले तर जबाबदार कोण? प्रश्न चुकीचा नव्हता. यावर बराच वेळ बोलणे झाले. गोळ्या चुकल्याची लक्षणे कोणती, झोप कमी झाली तर कोणाला कळवायचे, रात्री नेण्यासाठी गाडी कोणाची, हे ठरले. आजवर हे त्याच्या म्हाताऱ्या आईला एकटीला माहीत होते. मग एक ताई उठल्या आणि म्हणाल्या, खिडकीचा विषय यापुढे या विहारात निघणार नाही, असे वहीत लिहा. सचिवांनी थोडी कुरकुर केली, पण लिहिले. तीनदा घोषणा वगैरे झाली नाही. त्याला मंडपाच्या हिशेबाचे काम दिले. काकांचे मत अजून बदललेले नाही, आणि ते दर बैठकीला तसे सांगतात.

ज्यांना आपल्या वस्तीत हे करायचे आहे त्यांनी काही गोष्टी ताबडतोब हाती घ्याव्यात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार समाविष्ट आहे. ४० टक्क्यांवरचे प्रमाणपत्र मिळाले तर नोकरीतल्या राखीव जागेपासून संजय गांधी निराधार योजनेपर्यंत दारे उघडतात. आपल्या भागातल्या फार थोड्या घरांनी अर्ज केला आहे, कारण ‘शिक्का बसेल’ ही भीती. ती भीती खोटी नाही, म्हणून अर्ज करायला घरच्यांबरोबर कोणीतरी जावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा बाह्यरुग्ण विभाग आपल्या तालुक्यात कोणत्या वारी असतो, तिथे गोळ्या खरोखर मिळतात का, नसतील तर किती दिवस नाहीत, हे विहाराच्या फळ्यावर लिहावे आणि गोळ्या संपल्या की माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. कलम १००ची प्रत पोलीस चौकीत नेऊन द्यावी. आम्ही नेली तेव्हा हवालदारांनी ती वाचून खिशात ठेवली आणि विचारले, “पण साहेब, रात्री दोन वाजता न्यायचे कुठे?” त्या प्रश्नाचे लेखी उत्तर आम्ही तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे मागितले आहे.